चार नंबर शांत आहे

दिवे गेले तर जाऊ देत. जनरेटर आधी लेबर रूमला, मग ऑपरेशनच्या खोलीला, आणि उरलाच तर आपल्या पोर्चला. तो कधी उरत नाही. तुम्ही दोघी नव्या सिस्टर, त्या पायरीवर बसा. तू नवा कारकून, ये इकडे, ॲम्ब्युलन्सच्या दारात टेक. थर्मासमध्ये चहा आहे. साखर माझ्या हिशेबाने घातलीय, नावं ठेवायची नाहीत.

दुपारी हा मला म्हणाला, "काका, समाधानाच्या फॉर्मवर बाईचा अंगठा घरी जाताना कशाला घ्यायचा? दाखल होताना दहा कागदांवर घेतोच की. त्यातच अकरावा सरकवायचा. एका खेपेत काम." मी तेव्हा काही बोललो नाही, गाडी धूत होतो. आता बोलतो. बेटा, तू हुशार आहेस. तुझ्या खुर्चीत तुझ्याआधी बसायचा तोही असाच हुशार होता. ही त्याची गोष्ट. अर्धी त्याने माझ्या शेजारच्या सीटवर बसून सांगितली, आणि उरलेल्या अर्धीत गाडी मीच चालवत होतो. खोटी वाटली तर वाटू दे. मला तिच्यावर कोणाचा अंगठा नकोय.

त्याला सगळे समाधानराव म्हणायचे. खरं नाव पगारपत्रकात असेल, मला आठवत नाही. बाळंत झालेल्या प्रत्येक बाईकडून एक फॉर्म भरून घ्यायचा, हे त्याचं काम. नीट बोलले का, वेळेवर तपासलं का, हाक मारल्यावर कोणी आलं का, असे अकरा प्रश्न, त्यातला शेवटचा, एकंदरीत आपण समाधानी आहात का. तो वॉर्डात शिरला की आयाबाई हाळी द्यायची, "बायांनो, पदर सावरा, समाधान आलं!" तोही हसायचा. माणूस वाईट नव्हता. बायको लवकर गेली, पाठीमागे एकच मुलगी, तिला त्याने वेण्या घालण्यापासून सगळं स्वतः करून वाढवली. हे मी मुद्दाम सांगतोय, नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही त्याला राक्षस ठरवाल.

पण घरी निघालेली बाई फॉर्मसाठी थांबते होय? नवरा रिक्षा घेऊन दारात, बाळ रडतंय, सासू पिशव्या मोजतेय. महिन्याअखेरीला पाच-सात फॉर्म कमी पडायचे आणि वरून फोन यायचा. मग समाधानरावाने डोकं लढवलं. दाखल होताना संमतीच्या कागदांवर अंगठे होतातच. त्या गठ्ठ्यात तळाला आपला फॉर्म. कळा येत असलेली बाई काय वाचणार? "इथे अंगठा, इथे अंगठा, आणि हा शेवटचा इथे." मग रिकाम्या वेळी बसून अकरा टिका. सगळ्या "हो"वर. म्हणजे पोर अजून पोटात आणि आई कागदावर समाधानी. त्या वर्षी आपला दवाखाना शंभर टक्के निघाला. त्याची ढाल अजून ऑफिसात आहे, पंख्याखाली. धूळ खाते.

एखादी बाई विचारायची, "साहेब, हा कशाचा कागद?"

तो म्हणायचा, "घरी जायचा."

सोपं उत्तर. बाईलाही बरं वाटायचं.

त्याच वर्षी जुलैत मी एका बाईला आणलं. खोक्यांच्या कारखान्यातून, दुपारी सव्वातीनला. पुठ्ठे कापायच्या मशीनवर कामाला होती, कामावरच कळा सुरू झाल्या. उजव्या अंगठ्यावर पात्याची जुनी आडवी खूण, अंगठा मधोमध शिवल्यासारखा. सोबत म्हातारी आई. बाई ओठ चावून बसलेली. मी आरशात बघून म्हणालो, "ताई, पोचलोच आपण. आता काळजी नाही." असं मी सगळ्यांनाच म्हणायचो. त्या दिवसानंतर नाही म्हणत. तुम्ही माझ्या गाडीत बसून पाहा, मी फक्त "पोचलो" म्हणतो.

खिडकीवर तिने अंगठे दिले. शेवटच्या कागदाला विचारलं, "हा कशाचा, साहेब?" समाधानराव म्हणाला, "घरी जायचा." ती हसली म्हणे. खाट मिळाली चार नंबर. आपल्याकडे आत गेल्यावर बाईला नाव राहत नाही, तुम्हाला माहितीच आहे.

आत तीन बायका आणि मोठ्या सिस्टर एकट्या. दुसरी सिस्टर रजेवर, बदली आलीच नाही. चार नंबरला संध्याकाळी मुलगा झाला. मग ती हाका मारायला लागली. सिस्टर शेजारच्या खाटेवर अडकलेल्या, त्या म्हणाल्या, "थांब गं, येते." पुन्हा हाक. "तुझं एकटीचंच आहे का इथे? येते म्हटलं ना!" मग हाका बंद झाल्या. आयाबाईने दारातून डोकावून पाहिलं आणि सांगितलं, "चार नंबर शांत आहे." सगळ्यांना हायसं वाटलं. एक तरी शांत आहे.

पाऊण तासाने चादर उचलली. तेव्हा कळलं ती कसली शांत होती. गादीतून खाली फरशीपर्यंत रक्त आलं होतं.

पोर जगलं. ते आजीकडे आहे.

चौकशी बसली. आणि चौकशीत काय निघालं? समाधानरावाचा फॉर्म. त्याने तो दुपारीच भरून टाकला होता, साडेतीन वाजता, सवयीने. हाक मारल्यावर कोणी आलं का? हो, लगेच. आपण समाधानी आहात का? हो. खाली तिचा अंगठा. दवाखान्याच्या साहेबांनी सुटकेचा निःश्वास टाकला. रुग्णाची स्वतःची काही तक्रार नव्हती. फाईल बंद.

म्हातारी मात्र रोज यायची. नातू पाठीशी बांधून ऑफिसबाहेरच्या बाकावर बसायची आणि येईल त्याला विचारायची, "माझ्या लेकीचं काय झालं, तेवढं सांगा." नवव्या की दहाव्या दिवशी समाधानरावाला राहवलं नाही. त्याने तिला आत बोलावलं, तो फॉर्म समोर ठेवला आणि म्हणाला, "आजी, हे बघा, तिनेच दिलंय. तिला सगळं नीट मिळालं."

म्हातारीला वाचता येत नव्हतं. तिने त्या ठशावर बोट फिरवलं. मधली आडवी रेघ चाचपली. "हा तिचाच," म्हणाली. मग तिने विचारलं, "म्हणजे तिला त्रास नाही झाला ना?"

आणि हा म्हणाला, "नाही झाला."

म्हातारीने त्याला हात जोडले. पुन्हा कधी आली नाही. समाधानराव मला म्हणायचा, "तिने मला शिव्या घातल्या असत्या ना, तर मी झोपलो असतो." पण अंगठे आधी घ्यायचं काही त्याने सोडलं नाही. सवय माणसाला मारते रे, हळूहळू.

आता ती रात्र. तीन वर्षांपूर्वीची, फेब्रुवारीतला दुसरा गुरुवार. लोकांच्या गोष्टीतली भुतं बाराच्या ठोक्याला निघतात. हे साडेआठ-पावणेनऊचं आहे. बाहेर चहाची टपरी चालू होती, मी तिथेच उभा होतो.

दुसऱ्या दिवशी वरून तपासणीची मंडळी येणार होती. अख्खा दवाखाना कागदं भरत बसलेला. आणि त्याच दिवशी दुपारी समाधानरावाची लेक दाखल झाली. पहिलटकरीण, माहेरी आलेली. आई नाही. नवरा रात्रीच्या बसने निघायचा होता, सकाळी पोचणार. खाट मिळाली दोन नंबर. बापाने स्वतः खिडकीवर बसून तिचे कागद केले. पोर शिकलेली, तिने शेवटचा कागद वाचला.

"बाबा, हे काय? अजून काहीच झालं नाही, आणि सगळीकडे हो?"

"अगं फॉर्मॅलिटी असते. कर सही."

तिने कळ सोसत केली सही. म्हणाली, "बाबा, तुम्ही आत येता? मला एकटीला भीती वाटते."

तो म्हणाला, "बाळा, आत नातेवाइकांना सोडत नाहीत." दारावरची ती पाटी त्यानेच टाइप करून लावलेली, मोठ्या अक्षरात.

आठ वाजून पाच मिनिटांनी मुलगी झाली. आयाबाई बाहेर येऊन म्हणाली, "समाधानराव, नात! पेढे काढा." हा रडला, हसला, टपरीवर येऊन मला मिठी मारली, माझा चहा सांडला. साडेआठला पुन्हा लेबर रूमच्या दाराशी गेला. मोठ्या सिस्टर टेबलाशी, समोर उद्याच्या फायलींचा हा एवढा ढीग, सकाळी सातपासून ड्यूटीवर. त्यांनी मान वर न करताच सांगितलं, "दोन नंबर शांत आहे. झोपलीय बहुतेक. जा तुम्ही."

तर तो गेला. त्याचं एक काम राहिलं होतं. जुन्या बंद फायली तपासणीसाठी काढून ठेवायच्या होत्या. व्हरांड्याच्या पार टोकाला रेकॉर्डची खोली आहे ना, तिथे. लेबर रूमपासून साठ-सत्तर पावलं. कुलूप काढलं, दिवा लावला, टेबलाशी बसला. मजेत होता. शीळ घालत होता, असं त्यानेच सांगितलं. नातीचं नाव काय ठेवायचं, हा डोक्यात विचार.

जुलैचा गठ्ठा सोडला. चार नंबरची फाईल वर आली. त्याने ती उघडली. फॉर्म वरच होता.

आणि खिडकीवर टकटक झाली.

त्या खोलीला व्हरांड्याकडे एक खिडकी आहे, तुम्ही पाहिली असेल. वर दुधी काच, खाली कागद सरकवण्यापुरती फट. पलीकडचा माणूस दिसत नाही, फक्त हात दिसतो. हात आला होता. बाईचा. पालथ्या हातावर सलाईनची चिकटपट्टी.

"साहेब..."

"खिडकी बंद आहे. सकाळी दहाला या."

"माझा घरी जायचा कागद राहिलाय."

"तो वॉर्डात मिळतो, बाई. सिस्टरना विचारा."

"सिस्टर येते म्हणाल्या..."

"मग येतील की."

"नाही आल्या."

आवाजात तक्रार नव्हती. थकलेला, आदबशीर आवाज, आपल्या बायका ऑफिसच्या खिडकीवर बोलतात तसा. समाधानराव वैतागला. "खाट कुठली?"

"चार."

त्याने वर पाहिलं. दुधी काचेपलीकडे व्हरांड्याचा दिवा होता. माणूस उभा असला तर काचेवर सावली पडते. काच स्वच्छ होती. हात मात्र खाली होता.

"अंगठा दिलाय मी," हात म्हणाला. म्हणजे ती म्हणाली. "तुम्हीच घेतला. घरी जायचा कागद, असं म्हणालात. मला वाचता येत नाही. काय लिहिलंय, तेवढं वाचून दाखवा."

त्याने पाहिलं. अंगठा निळा होता. शाई ओली. मधोमध आडवी रेघ.

तो उठू शकला नाही. मला म्हणाला, "पाय होते, पण माझे नव्हते." हातात तिचाच फॉर्म. आणि तो वाचायला लागला. का, ते त्यालाही माहीत नाही. आयुष्यभर दुसऱ्यांचे फॉर्म हाताळलेला माणूस, खिडकीवरून कोणी "वाचा" म्हटलं की वाचतो.

"पहिला प्रश्न. दाखल होताना लगेच आत घेतलं का? हो."

"बरं."

"दुसरा. कर्मचारी आपल्याशी नीट बोलले का? हो."

"असं सांगितलं मी?"

त्याने कागद दिव्याखाली धरला.

"वाचा ना, साहेब."

"तिसरा. आपल्याला काय करणार आहेत ते आधी समजावून सांगितलं का? हो."

"असं..."

"चौथा. आपलं माणूस जवळ होतं का?" इथे त्याने ओळीवर बोट ठेवलं. "हो."

"आई बाहेर होती. दाराशी. मला तिचा खोकला ऐकू यायचा."

पाचवा वाचला. सहावा वाचला. प्रत्येक उत्तरानंतर ती फक्त "असं?" म्हणायची. रागाने नाही. खरंच नवल वाटल्यासारखं. आपल्याच लग्नाची हकीकत दुसऱ्याकडून ऐकावी तसं. याच्या कपाळावरून घाम कागदावर पडत होता. लेखणीच्या टिका पसरत होत्या.

"सातवा. हाक मारल्यावर... कोणी आलं का?"

"आलं का?"

"हो. लगेच."

टपरीवरचा रेडिओ ऐकू येत होता.

मग ती म्हणाली, "कोण आलं होतं, साहेब?"

...

"मला दिसलं नाही म्हणून विचारते. कोण आलं होतं?"

तो रडायला लागला. मोठा माणूस, पन्नाशीचा. "कोणी नाही आलं, बाई. मी लिहिलं ते. मी. दुपारी साडेतीनला लिहिलं. तू जिवंत होतीस तेव्हा." टेबलावर डोकं टेकलं त्याने. "मला माफ कर. तुझ्या आईला मी..."

"साहेब," ती म्हणाली. "ते राहू दे. तीही आता हाक मारत नाही."

"कोण?"

"दोन नंबर."

...

"ती... ती शांत आहे. सिस्टर म्हणाल्या. झोपलीय."

"मी पण शांतच झाले होते, साहेब."

तो पळाला.

साठ-सत्तर पावलं. मी टपरीवरून पाहिलं, तो व्हरांड्यातून पळत होता, एक चप्पल मागे राहिलेली. मला वाटलं, आग लागली. मी ग्लास टाकला आणि धावलो. लेबर रूमचं दार आतून लावलेलं. हा दोन्ही हातांनी दार बडवत होता. तीच पाटी. नातेवाइकांना प्रवेश नाही. पाटी फाटून खाली पडली.

"उघडा! माझी पोर... उघडा!"

मोठ्या सिस्टरनी दार उघडलं, चिडून. "काय चाललंय? पुरुषांना आत..."

"चादर उचला."

"अहो, मी बघितलंय तिला. नोंद आहे, हे बघा." त्यांनी खरंच कागद पुढे केला. दर पंधरा मिनिटांची तपासणी लिहिलेली होती. आठ वीस. आठ पस्तीस. आठ पन्नास. नऊ पाच. नऊ वीस. सगळीकडे एकच ओळ: रक्तस्राव सामान्य, रुग्ण शांत.

भिंतीवरचं घड्याळ मी पाहिलं. आठ बावन्न झाले होते.

सिस्टरनीही पाहिलं. आधी घड्याळ, मग स्वतःच्या हातातला कागद. त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. बाई चौदा तास उभी होती, उद्यासाठी कागद पुरे करत होती. पुढची पानं आधी भरून टाकली होती. बस. एवढंच केलं होतं त्यांनी. एवढंच तर करतो आपण सगळे.

त्या धावल्या. चादर उचलली.

...

गादी काळी झाली होती. पोर पांढरीफटक. ओठ मेणासारखे.

सिस्टर तिच्या पोटावर दोन्ही हात दाबून ओरडत होत्या, "डॉक्टरांना बोलवा! सलाईन! दुसरी लाईन! गाडी काढा!" त्या बाईने पुढचा तासभर त्या पोरीच्या पोटावरून हात काढला नाही, गाडीतसुद्धा. हेही सांगायला हवं. रक्त आपल्याकडे नव्हतं. मोठ्या दवाखान्याचा रस्ता पंचेचाळीस मिनिटांचा, मी तो एकतीस मिनिटांत तोडला. मागून मोठ्या सिस्टरचा आवाज, "डोळे उघड! ए पोरी, माझ्याकडे बघ!" शेजारच्या सीटवर बाप. एक पाय अनवाणी. तो मला सगळं सांगत होता. खिडकी, हात, सातवा प्रश्न. मी हूं हूं करत होतो. मला वाटलं, भ्रमिष्ट झाला. तो म्हणत होता, "मीच सही घेतली तिची. मीच. हो, लगेच, हो, लगेच..." एका वळणावर मागचा आवाज थांबला. सिस्टर गप्प. आम्ही दोघांनी मागे पाहिलं नाही. मी फक्त पाय दाबला. ते अंतर मला अजून स्वप्नात पडतं. गाडी चालतेय आणि मागून काहीच ऐकू येत नाही.

मग सिस्टर म्हणाल्या, "आहे. नाडी आहे. चालव तू."

पोर वाचली. गर्भपिशवी काढावी लागली. पहिलं तेच शेवटचं. दोन दिवस शुद्ध नव्हती. तिसऱ्या दिवशी सकाळी डोळे उघडले, बापाकडे पाहिलं, आणि पहिलं काय विचारलं माहितीय?

"बाबा, ती ताई कुठेय?"

"कोण ताई?"

"माझा हात धरून बसली होती ती. मी खूप हाका मारल्या. कोणीच येईना. मग ती आली. म्हणाली, तू आता ओरडू नकोस, दमशील. मी सांगून येते. पण हात सोडलाच नाही तिने. मी म्हटलं, जा ना मग, सांग ना. तर म्हणाली, गेलेय. सांगतेय."

समाधानराव मला म्हणाला, "खिडकीत एकच हात होता रे. एकच."

त्याने लेकीचा हात उलटा केला. मनगटाच्या आतल्या बाजूला, जिथे नाडी बघतात तिथे, निळा ठसा होता. अंगठ्याचा. मधोमध आडवी रेघ. नर्सने स्पिरिट लावून पुसायचा प्रयत्न केलेला होता, गेला नव्हता.

तो परत आला आणि थेट रेकॉर्डच्या खोलीत गेला. मी सोबत होतो, एकट्याने जायला तयार नव्हता. त्या धांदलीत तपासणी पुढे ढकललेली, दिवा तसाच जळत होता. फॉर्म टेबलावर तसाच. अकरा टिका होत्या, घामाने फुगलेल्या, त्याच्याच हाताच्या. खालचा अंगठ्याचा चौकोन कोरा होता. पुसलेला नाही, कोरा. तिथे कधी काही उमटलंच नव्हतं असा.

तोच कागद घेऊन तो साहेबांकडे गेला. लेखी दिलं की हे सगळं माझं आहे, तिचं काही नाही. फाईल पुन्हा उघडली. त्याची नोकरी गेली, जायलाच हवी होती. तो स्वतःच म्हणाला. जायच्या आदल्या दिवशी एकच गोष्ट लावून धरली, की अंगठा बाई घरी जाताना घ्यायचा, तोही तिला वाचून दाखवून. म्हणून तो नियम आहे, बेटा. तुला काम वाढवायला नाही केलेला.

महिन्याभराने त्याने मला गाडी काढायला सांगितली. माझी, दवाखान्याची नाही. तो, त्याची लेक, तान्ही नात आणि मी, कारखान्यामागच्या वस्तीत गेलो. म्हातारी दारात नातवाला भरवत बसली होती. तिने याला ओळखलं, पदर सावरला, बसायला पोतं टाकलं. हा बसला नाही. उभ्यानेच म्हणाला, "आजी, मी तुम्हाला खोटं सांगितलं होतं."

म्हातारीने नातवाचं तोंड पुसलं.

लेकीने बांगड्या मागे सारून मनगट पुढे केलं. म्हातारीने ते हातात घेतलं, डोळ्यांजवळ नेलं. मग बोट फिरवलं, तसंच, कागदावर फिरवलं होतं तसं. आडवी रेघ चाचपली.

"हा तिचाच," म्हणाली.

दोन्ही पोरं एकमेकांकडे बघत होती.

"म्हणजे तिला त्रास झाला ना?"

"झाला," समाधानराव म्हणाला. "फार झाला. हाका मारत होती. कोणी गेलं नाही."

म्हातारी तेव्हा रडली. आठ महिन्यांत पहिल्यांदा, असं शेजारीण म्हणाली. लेकीचं मनगट छातीशी धरून रडली, आणि लेकीने ते सोडवून घेतलं नाही. अंधार पडेपर्यंत आम्ही तिथेच होतो.

बस, एवढीच. चहा गार झाला तुमचा.

ती पोर? असते इथेच, जवळ. भेटते कधी बाजारात. तीन वर्षं झाली. ठसा तसाच आहे, मनगटावर. साबणाने जात नाही, रॉकेलने जात नाही. पण विशेष ते नाही रे... गोंदलेलंही जात नाही. विशेष हे, की शाई अजून वाळलेली नाही. बोट टेकवलं तर बोटाला निळं लागतं.

मी टेकवून पाहिलंय.